कापा की बरका

मालवणहून निघताना आत्येने अगदी शेवटच्या क्षणी रिक्षात फणस ढकलला. "कापो आसा. दोन दिसांत पिकतलो. थंय मुंबयत खंय गावतलो?" आम्ही डोंबिवलीत राहतो, हे आत्येला गेली बावीस वर्षं मान्य नाही. कुडाळच्या पलीकडे सगळी मुंबईच. फणस साधारण आमच्या धाकट्याच्या आकाराचा होता आणि त्याच्यापेक्षा शांत बसत होता, म्हणून घेतला.

परतायचं होतं रविवारी. पण मेच्या अखेरीला कोकणातून परतायचं तिकीट आपण ठरवायचं नसतं, मिळेल त्या दिवशी निघायचं असतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मी चष्मा पुसून डोळ्याला लावेपर्यंत वेटिंग सुरू होतं. शुक्रवार संध्याकाळची चार तिकिटं मिळाली. फणसाचं पाचवं काढायला हवं होतं, हे रत्नागिरी सुटल्यावर कळलं.

रत्नागिरीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा. एरवी मुलं त्यात ओरडून घेतात. या खेपेला बोगद्यात शिरता शिरता फणसाने आपण पिकायला घेतल्याचं सगळ्या डब्याला कळवलं. खिडक्या उघड्या होत्या, पण बाहेर डोंगर. वास जाणार कुठे? समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी डोळे न उघडता विचारलं, "बरका?"

"कापा," मी म्हणालो.

आजोबा हसले आणि त्यांनी कूस बदलली.

पहाटे ठाण्याला उतरलो. इथवरचा प्रवास बसून झाला होता. खरी चढाई पुढे. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि मग डोंबिवली, अशी पाच स्टेशनं दोन आंब्याच्या पेट्या, कुळथाच्या पिठाचा डबा, सोड्यांची पुडी आणि आगळाच्या बाटल्या सांभाळत काढली. आगळाची एक बाटली मुंब्र्याच्या आसपास गळू लागली, तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाकडे बघून एका सद्गृहस्थांनी मला बसायला जागा दिली. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. तीन मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर टेकलो तेव्हा रायगड चढताना याहून कमी धाप लागली होती, असं माझं प्रामाणिक मत झालं.

किल्ली शेजारच्या काकूंकडे आणि काकू झोपलेल्या. त्या उठेपर्यंत आम्ही चौघं आपल्याच दाराबाहेर, भाडेकरू ठेवता का विचारायला आल्यासारखे.

घर बारा दिवस बंद होतं. जाताना मेन स्विच बंद करणं हे माझं काम आणि फ्रिज रिकामा करणं बायकोचं. माझं काम मी चोख केलं होतं. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे फ्रिज मी रिकामा करणार होतो. या मतभेदात आंबोळीचं एक पातेलंभर पीठ बारा दिवस बंद फ्रिजमध्ये राहिलं. दार उघडल्यावर काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की फणसाचा वास येईनासा झाला.

चहा टाकावा म्हटलं तर दूध नाही. दूधवाल्याला "सोमवारपासून" असं सांगून ठेवलं होतं आणि तो शब्दाचा पक्का. पेपरवालाही पक्का. पाणी साडेसहाला यायचं ते आलं, पण काकूंना हाका मारण्याच्या नादात ते गेलंही. सोसायटीचं सगळं वेळापत्रक नीट चालू होतं, फक्त त्यात आम्ही नव्हतो. मग पिंपाच्या तळाच्या पाण्याचा कोरा चहा प्यालो. मालवणात हाच कोरा चहा पडवीत बसून पिताना मी "अमृत" म्हणालो होतो, याची बायकोने आठवण करून दिली.

पोटाचं वेगळंच. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, म्हणून आत्येने मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन महिन्यांचा बांगडा आम्हाला आगाऊ खायला घातला होता. त्या पोटाला शनिवारी दुधीची भाजी दाखवली. ते काही बोललं नाही, पण मनाला लावून घेतलं.

रविवारी फणस फोडला. हाताला आणि सुरीला खोबरेल फासून, खाली वर्तमानपत्र अंथरून, सगळं रीतसर. तरी चीक कोपरापर्यंत गेला. रात्री तेल, पीठ, साबण, पुन्हा तेल असं करून दहातली आठ बोटं सुटी झाली.

सोमवारी आमची नेहमीची डोंबिवलीहून सुटणारी लोकल पकडली. ग्रुपने बारा दिवसांत माझी खिडकी एका नव्या मुलाला देऊन टाकली होती. मला चौथी सीट मिळाली. म्हणजे अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत. "रजेवर गेलेल्याला चौथी, हा नियम तूच केलास," असं सांगून त्यांनी आंबे कुठे आहेत ते विचारलं. नियम मीच केला होता. सहा आंबे दिल्यावर घाटकोपरपासून तिसरी सीट मिळाली.

ऑफिसात हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा केला. दुसरा अंगठा लावला. चिकाने दोन्ही अंगठ्यांवरच्या रेषा बुजल्या होत्या. मागे रांग वाढत गेली. शेवटी हजेरीवाल्या बाईंनी माझं बोट नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "फणस ना? बरका?"

अंगठा मंगळवारी दुपारी लागला. सोमवारची रजा लागली. आणि फणस बरकाच निघाला.