निळ्या वायरीचे आजोबा

अमेरिकेत घर घेताना आपले लोक शाळा बघतात, कर किती ते विचारतात, तळघरात ओल आहे का हे भिंतीला हात लावून बघतात. गल्लीत ट्रकआजोबा आहेत का, हे मात्र कुणी बघत नाही. बघायची गरजही नसते. ते असतातच. सामानाचे खोके उतरत असतानाच ते फडक्याला हात पुसत येतात, स्वागत करतात आणि तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बघतात. तिथे ट्रेलर जोडायचा हुक नाही असं दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर आपल्याबद्दल जी करुणा उमटते, ती व्हिसा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरही मी पाहिलेली नाही.

आमचे ट्रकआजोबा कोलोरॅडोतले. हे नाव आमच्या मुलांनी ठेवलं. ट्रक 1996 सालचा फोर्ड एफ-250, 7.3 लिटरचं डिझेल इंजिन. सकाळी तो सुरू झाला की गल्लीत गजर लावावा लागत नाही. मागे ओढायला चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, भरल्यावर सहा हजार पौंडांच्या आसपास. एवढा ऐवज दाराशी असलेला माणूस इंजिनच्या ताकदीबद्दल बोलेल असं आपल्याला वाटतं. चूक. ताकद काय, पोराटोरांना असते. आजोबांचा सगळा जीव थांबण्यात.

स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, डॅशबोर्डखाली, साबणाच्या डबीएवढा काळा डबा स्क्रूने बसवलेला आहे. ट्रकमध्ये चढताना गुडघा हमखास तिथेच आपटतो. हा ब्रेक कंट्रोलर. त्यातून चार वायरी निघतात: काळी बॅटरीची, पांढरी अर्थिंगची, लाल ब्रेकच्या दिव्याची आणि निळी ट्रेलरच्या ब्रेकची. पहिल्या तिघींबद्दल आजोबा कामापुरतं बोलतात. निळीचं नाव घेताना आवाज खाली येतो.

ट्रेलरच्या या ब्रेकला तेल लागत नाही. ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो. निळ्या वायरीतून वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या अंगाला चिकटतो, ड्रम त्याला सोबत ओढू पाहतो, त्या ओढीने दांडी सरकते आणि ब्रेकशू दाबले जातात. म्हणजे ट्रेलर आपल्याच वेगाच्या जोरावर आपल्याला थांबवतो. हे सांगून झालं की आजोबा थोडं थांबतात, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उजेड पडतो का ते पाहतात. नाही पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

कंट्रोलरवाल्यांत दोन पंथ आहेत. एकाचा डबा ब्रेकचा दिवा लागला की ठरलेल्या चालीने वीज वाढवत नेतो. तुम्ही पाय हळू ठेवा की दणकून, त्याला फरक पडत नाही. दुसऱ्याचा डबा ट्रक किती जोरात मंदावतोय ते ओळखून तेवढीच वीज सोडतो. आजोबा दुसऱ्या पंथाचे, त्यातही सनातनी. नव्या डब्यांत इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. यांच्या डब्यात लंबक आहे. लंबकाला समतल बैठक हवी, म्हणून डबा बसवताना त्यांनी पाणसळ लावली होती. आपला ट्रक गल्लीत उताराकडे तोंड करून उभा करायलाही ते नाखूश असतात.

फोर्डने 2005 च्या सुपर ड्यूटी ट्रकांत हा कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. आजोबांच्या मुलाचा ट्रक तसा आहे. प्लग लावला की झालं. ‘‘आणि बिघडलं तर?’’ आजोबा विचारतात. बिघडत नाही, असं मुलगा म्हणतो. बिघडत नाही त्या वस्तूशी माणसाने संबंध ठेवावा तरी कसा, हे आजोबांना उमजत नाही.

खरा सोहळा मे महिन्यात. ट्रेलर बाहेर निघतो, आजोबा ट्रकमध्ये बसून कंट्रोलरची खिट्टी हाताने दाबतात आणि आजी चाकाशी कान लावून उभ्या राहतात. वीज पोचली असेल तर चुंबक गुणगुणतो. ‘‘येतंय का ऐकू?’’ ‘‘येतंय!’’ चार चाकं, चार वेळा. आजींना डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे गल्लीला ठाऊक आहे, आजोबांना सोडून. म्हणून आजी गेल्यावर मी हळूच होकायंत्र धरून बघतो. चुंबक जागा असला की सुई हलते. ही युक्ती आजोबांनीच शिकवलेली, पण आजींच्या कानापुढे ते ती वापरत नाहीत.

एखादा चुंबक रुसलाच तर आजोबा खुलतात. दहातली नऊ दुखणी अर्थिंगची, हा त्यांचा सिद्धान्त. मग ट्रेलरखाली फक्त बूट दिसतात आणि खालून प्रवचन येतं: सांधा सोल्डर करावा की दाबून बसवावा, गंज कुठून शिरतो, वायर कंजूषपणे बारीक कुणी टाकली. प्रत्येक चुंबक तीनेक अँपिअर खातो, चारांचे बारा. हा हिशेब आमच्या मुलीला पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

या तयारीवर ट्रेलर जातो कुठे? उन्हाळ्यात एकदा, डोंगरापलीकडच्या तळ्यावर. वाटेत आयझेनहॉवर बोगदा, अकरा हजार फुटांच्या वर, आणि त्यापुढचा लांबलचक उतार, जिथे ब्रेक गेलेल्या मालट्रकांना घुसायला कडेला वाळूखडीचे चढ करून ठेवले आहेत. परतल्यावर तळ्याबद्दल विचारा, आजोबा ‘‘बरं होतं’’ म्हणतात. उताराबद्दल विचारा आणि खुर्ची ओढून घ्या.

एकदा मी त्यांना फोनवर सांगलीकडचा व्हिडिओ दाखवला. गळीत हंगाम, एक ट्रॅक्टर, मागे उसाने फुगलेल्या दोन ट्रॉल्या, टेपवर दणदणीत गाणं. आजोबांनी तो तीनदा पाहिला.

‘‘निळी वायर कुठाय?’’

‘‘नाही. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो.’’

‘‘मग थांबतात कसे?’’

‘‘शक्यतो थांबत नाहीत.’’

आजोबा न बोलता घरी गेले. मी भारताला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दारात प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना कंट्रोलर, गुंडाळलेल्या चार वायरी आणि चिठ्ठी: ‘ट्रॅक्टरवाल्याला दे. समतल बसवायला सांग.’ खाली आजींच्या अक्षरात: ‘आणि कान लावायला कुणाला तरी उभं करायला सांग.’