फ्लायव्हीलवर चढलेल्या गंजास खुले पत्र

गंजा,

अख्खा पावसाळा तू उंद्रीत फुकट मुक्काम केलास आणि हंगाम तोंडावर येताच मालकाचीच गाडी अडवलीस, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. चिखली-खामगाव रस्त्यालगत निंबाखाली उभी असलेली ती जुनी टाटा. १९५४ साली टेल्कोने डायमलर-बेन्झच्या साथीने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, त्याच घराण्यातली. सोयाबीन निघालं की तिच्या फेऱ्यांवर एका घराची चूल पेटते. तुला त्याचं काय!

त्याहून संताप याचा, की शिक्षा भलत्यालाच होणार होती. पेडल तळापर्यंत जायचं, पण इंजिन चालू असताना गिअर पडायचा नाही, नुसता खरखरायचा. एवढ्यावर एकाने गिअरबॉक्स उघडायला सांगितला, दुसऱ्याने मास्टर सिलिंडर बदलायला. इंजिन बंद केलं की सगळे गिअर अलगद पडतात, हे कुणी पाहिलंच नाही. निदान न करता खर्च सांगणाऱ्यांचा मला तुझ्याइतकाच राग येतो.

शेवटी एकाने पेडल दाबलं, दुसरा गाडीखाली गेला. क्लच ऑईल पुरेसं, पाइपात हवा नाही, स्लेव्ह सिलिंडरचा दांडा पुरता बाहेर येतो, फोर्क हलतो. म्हणजे पायाचा जोर आत पोचत होता, प्लेटच सुटत नव्हती. पायलट बेअरिंग जाम झालं तरी असंच होतं. पण पावसाळाभर उभ्या गाडीत पहिला संशयित तूच. बेल हाऊसिंगमध्ये ओल शिरली, बिडाच्या फ्लायव्हीलवर तू चढलास आणि लायनिंगला घट्ट धरून बसलास.

तुझ्यावर डिझेल ओतायलाही लोक निघाले होते. लायनिंग तेल पितं. मग भरलेली गाडी चढावर नेली की क्लच घसरतो. ते थांबवलं. पेडल दाबून लाकडाचा टेकू लावला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी न्यूट्रलमध्ये इंजिन गरम केलं, ब्रेकची हवा भरली, मग इंजिन बंद. रिकामी गाडी, समोर मोकळं रान, आसपास एकही माणूस नाही. दुसऱ्या गिअरमध्ये सेल्फ मारला की अशी गाडी त्याच क्षणी चालू लागते, म्हणून ही खबरदारी. पेडल दाबलेलंच ठेवून ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला-सोडला, ब्रेक मारला. काही हिसक्यांनंतर तुझी पकड सुटली.

नसती सुटली, तर गिअरबॉक्स उतरवून, प्लेट काढून तुला पॉलिश पेपरने घासला असता. त्या जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तिथे हवेचा पाइप मारू दिला नसता.

क्लच पकडताना अजून थरथरतो. तो तुझाच उरलेला अंश. तो जाईपर्यंत गाडीत माल भरायचा नाही, असं मालकाने ठरवलंय. आणि पुढच्या पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी ती अमडापूरच्या दिशेने एक चक्कर मारून येईल.

– उंद्रीचा एक गावकरी