इंजिनचा पिवळा दिवा : नवशिक्यांसाठी उपचारविधी

साहित्य : एमएच-३५ पासिंगची एक पेट्रोल गाडी, डॅशबोर्डवर पेटलेला इंजिनचा पिवळा दिवा, स्कॅनर, जाड हातमोजे आणि सल्ला देणारे चार जण. यातली शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही. गोंदियात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं की ती आपोआप जमा होते.

पहिला सल्ला ठरलेला : "गाडी पळते ना भाऊ? मंग चालू द्या जी." तो झटकून टाकू नका, कारण निम्मा बरोबर आहे. दिवा स्थिर असेल तर घरी पोचता येतं. पण लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर मिस मारतोय आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेला लागलंय. अशा वेळी पिकअप सोडा आणि गाडी बाजूला घ्या. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणं हा उपचार मोठा लोकप्रिय आहे, पण या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो खुपसला की पडद्यावर कोड येतो : पी-०४२०. मेकॅनिक मान हलवून म्हणेल, "कॅटकॉन गेला." कॅटकॉन म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पाठोपाठ जो आकडा येईल तो उभ्यानं ऐकू नका, आधी खुर्ची मागून घ्या.

खुर्चीत बसल्यावर एक लक्षात घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरनं कॅटकॉन डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. त्याच्याकडे साक्षीदार दोन : एक ऑक्सिजन सेन्सर कॅटकॉनच्या पुढे, दुसरा मागे. पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ असं सारखं वरखाली होतं. आतली जाळी धडधाकट असेल तर ती ऑक्सिजन साठवते, लागेल तसा सोडते, आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत बसून राहतो. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की कॉम्प्युटर निकाल देतो. म्हणजे हा सगळा परिस्थितिजन्य पुरावा. (काही नव्या गाड्यांत पुढे वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तो असा नाचत नाही. तिथे नजर मागच्यावरच ठेवा.)

यानंतर सर्वमान्य पायरी येते : कोड उडवणे. दिवा विझतो, मंडळी चहाला जातात. पण कोडबरोबर कॉम्प्युटरच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात, आणि कॅटकॉनची चाचणी पुन्हा व्हायला गरम इंजिन आणि एकसारखा वेग लागतो. शिवाय दिवा पेटायला बहुतेक गाड्यांत दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. त्यामुळे घर ते गंज बाजार एवढंच फिरलात तर महिनाभर सगळं छान. पाहुण्यांना घेऊन नवेगावबांधला निघालात की कोहमाऱ्याच्या अलीकडे दिवा हजर.

खरा तपास पहाटे, इंजिन थंड असताना. गाडी सुरू करा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडांपाशी कान द्या. हात लावू नका, फक्त कान. फट्-फट् किंवा फुस्स असा आवाज, जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा, म्हणजे गॅसकेट फुटलंय. तिथून धूर बाहेर पडतो तशी बाहेरची हवा आतही ओढली जाते आणि मागचा सेन्सर खोटी साक्ष देतो. गॅसकेटचा खर्च कॅटकॉनच्या मानाने किरकोळ, म्हणूनच हा तपास कुणी आपणहून सुचवत नाही.

गॅसकेट निर्दोष सुटलं तर खुनी शोधा, कारण कॅटकॉन सहसा आपल्या मरणानं मरत नाही. प्लग-कॉइल मिस मारत असतील तर कच्चं पेट्रोल आत जळून जाळी वितळते. इंजिन ऑइल पीत असेल, म्हणजे निळसर धूर आणि डिपस्टिकवर घटती पातळी, तर ऑइलमधलं फॉस्फरस जाळीवर थर धरतं. बॅटरी उतरली म्हणून रोज चार पोरं जमवून धक्का स्टार्ट करणंही कच्च्या पेट्रोलच्याच गुन्ह्यातलं. पावसाळ्यात तापलेली गाडी भरल्या रपट्यात घातली तर आतली सिरॅमिक तडकू शकते. मग रबरी हातोडीनं हलकेच ठोकल्यावर खुळखुळा वाजतो. खुनी मोकळा ठेवून नवीन कॅटकॉन बसवलात तर तोही त्याच वाटेनं जाईल.

जाणती माणसं इथे हमखास म्हणतात, "आमच्या वेळी ही थेरं नव्हती." खरं आहे. कॅटकॉनवाल्या गाड्या आणि त्यांना लागणारं शिसं नसलेलं पेट्रोल १९९५ च्या एप्रिलमध्ये आधी चार महानगरांत आलं. शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं १ फेब्रुवारी २००० ला. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, म्हणजे जिल्ह्याचे पहिले नऊ महिने शिशाच्या धुरात गेले.

एक ताकीद मात्र थट्टेबाहेरची. धान कापणीनंतर गाडी बांधीत किंवा खळ्यावर तणसाच्या पसाऱ्यावर उभी करू नका. चालून आलेल्या गाडीचा कॅटकॉन काहीशे अंश तापलेला असतो, आणि ज्यांत तो पोटाखाली असतो त्या गाड्यांत वाळलं तणस थेट त्याला टेकतं. मिस मारणारी गाडी तर आणखी तापते. तणस पेटायला काडी लागत नाही.

शेवटी कुणीतरी हळूच सुचवेल : "आतली जाळी काढून पोकळ करून देतो, पिकअपही वाढेल." नको. दिवा फसवायला सेन्सरखाली लांब नट लावतील, पण पीयूसीच्या नळीला नट समजत नाही. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत जातो.

सगळे निर्दोष सुटले आणि कॅटकॉन खरंच गेला असेल तर आधी वॉरंटीचे कागद काढा. वॉरंटी संपली असेल तर नवीन बसवा आणि जुना मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि सोन्याहून महाग रोडियम असतं, अगदी थोडं, पण असतं. "त्या भंगाराचं काय करता जी, राहू द्या इथंच," असं कुणी फारच प्रेमानं म्हणालं, तर भाव सांगायला सुरुवात करा.