आतून की बाहेरून?

गाडीचं बुकिंग गणपतीत झालं आणि डिलिव्हरी दसऱ्याला ठरली. मधे आला पितृपक्ष. पितृपक्षात आमच्या घरात टाचणीसुद्धा विकत आणत नाहीत. पण चौकशी करायला शास्त्राची हरकत नाही, असा निर्णय आईने दिला, आणि त्या पंधरवड्यात मी विजेवरच्या गाडीच्या विम्याची चौकशी केली. शास्त्राने हरकत घेतली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

सुरुवात शोरूममधल्या कागदावरून झाली. गाडीची किंमत, रस्ताकर शून्य (हे वाचून मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं), फास्टॅग, आणि खाली एका ओळीत ‘इन्शुरन्स : 68,000’. मी पेनाने त्या आकड्याभोवती गोल काढला. शोरूममधली मुलगी गोड हसून म्हणाली, “सर, आमच्याकडून घेतलात की क्लेमच्या वेळी टेन्शन नाही.” म्हणजे बाहेरून घेतला तर टेन्शन आहे. ते किती आहे हे मात्र तिने सांगितलं नाही. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, हे मला माहीत होतं. शिवाय मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन ठिकाणी भाव विचारणारा माणूस अडुसष्ट हजार एका ठिकाणी कसे देईल?

तुलना करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी रात्री साडेनऊला मोबाईल नंबर टाकला. नऊ बत्तीसला पहिला फोन आला. त्यानंतरचे दोन दिवस मला लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बापासारखे गेले, फक्त स्थळं उलट्या बाजूने येत होती. सकाळी दात घासताना फोन, देवपूजेत फोन, आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभा होतो तेव्हा फोन. “सर, झिरो डेप घेताय ना?” “अहो, कावळा शिवू दे आधी.” पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “ओके सर, अर्ध्या तासाने करते.” आणि केला.

मुलीने बंगळूरहून एक्सेलचा तक्ता पाठवला. चार कंपन्या उभ्या, सतरा रकाने आडवे. “बाबा, फक्त भरत जा, खालची बेरीज आपोआप होते.” मी भरत गेलो. एक रकाना मात्र सगळ्यांचा सारखाच येईना. तो होता थर्ड पार्टीचा. वास्तविक तो सारखाच यायला हवा, कारण तो दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. पुण्यात जिथे घासाघीस करून उपयोग नाही अशा ज्या दोन-तीन जागा आहेत, त्यांतली ही एक. नवी गाडी असेल तर तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम काढावा लागतो. 2018 पासून तसा नियम आहे. आणि विजेच्या गाडीला इंजिनच नसल्याने सीसी नाही, म्हणून हा दर मोटारीच्या किलोवॅटवर ठरतो.

इथे माझा घोटाळा झाला. फोनवरच्या मुलाने विचारलं, “सर, किती किलोवॅट?” मी माहितीपत्रकात पाहिलं, ठळक अक्षरांत 40 होतं. म्हटलं चाळीस. तो म्हणाला, 30 ते 65 च्या गटात, तीन वर्षांचे 9,044. मी तासभर फार आनंदात होतो. बायकोला म्हटलं, बाकीचे लुटारू आहेत. मग मुलीचा फोन आला. “बाबा, चाळीस ही बॅटरी आहे. किलोवॅट-अवर. मोटार शंभराच्या वर आहे.” म्हणजे 65 च्या पुढचा गट आणि 20,907 रुपये. “टाकीत किती लिटर मावतं आणि इंजिन किती ताकदीचं, यात फरक असतो ना, तसंच.” मी वाणिज्य शाखेचा. तरी पेट्रोलवाल्यांपेक्षा 15 टक्के सवलत आहे, ही गोष्ट मी बायकोला त्यानंतर तीनदा सांगितली. गाडीवर जीएसटी 5 टक्के आणि तिच्या विम्यावर 18, ही मात्र एकदाच सांगितली, तीही हळू आवाजात.

सगळ्यात स्वस्त कोटेशन 49 हजारांचं होतं. माझं त्यावर मन बसलं होतं, तेवढ्यात आमचे मेहुणे आले. ते विम्याच्या धंद्यातले नाहीत, पण त्यांना सगळ्याच धंद्यांतलं कळतं. “भावोजी, आयडीव्ही बघितली का?” आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. नव्या गाडीला शोरूमच्या किमतीतून 5 टक्के वजा करून तो लावतात. माझ्या स्वस्त कंपनीने तो जवळजवळ सव्वा लाखाने खाली धरला होता. मी त्यांना फोन केला, तर तिकडचा गृहस्थ म्हणाला, “सर, कमी आयडीव्ही म्हणजे कमी प्रीमियम. तुमची गाडी चोरीला थोडीच जाणार आहे?” विमा विकणारा माणूस असा धीर देतो हे मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या एका कोटेशनमध्ये जादा संरक्षणाच्या यादीत ‘इंजिन प्रोटेक्ट’ होतं, रुपये 2,300. मी विचारलं, कुठलं इंजिन? मुलगी म्हणाली, “सर, पॅकेजमध्ये येतं ते.” काढून टाका म्हटलं तर पॅकेज मोडतं, आणि पॅकेज मोडलं की सवलत जाते, आणि सवलत गेली की नसलेल्या इंजिनाचं संरक्षण घेणंच स्वस्त पडतं. मी हे मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन ठेवा, न जाणो.”

शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका एका विमा कंपनीत सर्व्हेअर होते. तीस वर्षं ते अपघात झालेल्या गाड्यांच्या खाली आडवे पडले, आणि निवृत्तीनंतरही कुठलीही गाडी दिसली की आधी तिच्या खाली बघतात. त्यांच्याकडे 2002 सालचं मोटर टॅरिफ आहे, खाकी कव्हर घातलेलं, ठिकठिकाणी हिरव्या शाईने खुणा केलेलं. त्यांनी ते काढलं, चष्मा पुसला, आणि गुरुचरित्राचं पारायण सुरू करावं तसं वाचू लागले.

“ऐक. कशाकशापासून संरक्षण? आग, स्फोट, स्वतःहून पेटणे, वीज पडणे.”

“स्वतःहून पेटणे आहे?”

“आहे. तुझी गाडी जन्मायच्या आधीपासून आहे. पुढे ऐक. चोरी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, हिमतुषार...”

“कोथरूडमध्ये?”

“मधे बोलू नकोस. दहशतवाद, दरड कोसळणे. आणि रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, एलिव्हेटर किंवा विमानाने वाहतूक होत असताना.” त्यांनी मान वर केली. “लिफ्ट आणि एलिव्हेटर यांत काय फरक, हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही.”

यादी मोठी बघून मी सुखावलो. मग काकांनी पान उलटलं. “आता यात काय नाही ते ऐक. झीज, घसारा, आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड.”

मी म्हटलं, “काका, पण या गाडीत विद्युत सोडून दुसरं काय आहे?”

काकांनी पुस्तक मिटलं. ते माझ्याकडे जितक्या मायेने बघत होते तितक्या मायेने त्यांनी एखाद्या चक्काचूर गाडीच्या मालकाकडे नक्की पाहिलं असणार. “हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ॲम्बेसिडर होती रे. विद्युत म्हणजे त्याला हॉर्न आणि दिवे. इथे बघ, घसाऱ्याचा तक्ता. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी : 50 टक्के. ही बॅटरी म्हणजे बॉनेटखालचा तो डबा, गाडी ढकलून सुरू करायची वेळ यायची तो. तुझी बॅटरी म्हणजे गाडीच्या किमतीतला तिसरा हिस्सा तरी असेल. कुणी हा तक्ता तिला लावला तर?”

मी मनातल्या मनात अर्धं केलं आणि पाणी मागितलं.

म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण, घ्यायचं, काका म्हणाले, पण नुसतं नाव बघून नाही. त्यात बॅटरी पॅक शब्दाने लिहिलाय का ते बघायचं, वर्षात किती क्लेम चालतात ते बघायचं, कारण काही ठिकाणी दोनच चालतात. भिंतीवरचा चार्जर आणि केबल धरली आहे का ते विचारायचं. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी पार गेली तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं, तेही घ्यायचं, कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात, आणि खालून एक दगड नीट बसला तर बॅटरीचा खर्च तिथवर जायला वेळ लागत नाही.

“पण काका, बॅटरीला कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी आहे.”

“आहे. ती कधी? आपणहून बिघडली तर. बाहेरून काही लागलं, पाणी शिरलं, ठोकर बसली, की वॉरंटीवाले म्हणणार विम्याकडे जा. आणि आतून काही झालं की विमावाले म्हणणार वॉरंटीकडे जा.” काका दोन्ही हातांनी टेबल टेनिससारखे हातवारे करत होते. “तुझ्या बॅटरीने फक्त एक करायचं. आजारी पडताना आतून पडतोय की बाहेरून, हे स्पष्ट सांगून पडायचं.”

घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं. बायकोला पाण्याची भीती. जुलैमध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं होतं, तेव्हा माझी चुलतबहीण तिसऱ्या मजल्यावरून खाली स्वतःच्या गाडीचं छत बघत होती. माहितीपत्रकात आयपी67 लिहिलं होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बायको म्हणाली, “पाणी काय घड्याळ लावून उतरतं?” मेहुण्यांना कोकणाची भीती, त्यांच्या वाडीत नारळाखाली गाडी लावली आणि काच गेली, असा दाखला त्यांनी दिला. (काचेला घसारा शून्य, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकत होतो.) आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “उंदीर?”

कोणी लक्ष दिलं नाही. पण ती माझ्या आईच्या वळणावर गेलेली शंका होती. एकदा आली की घर करून राहायची. आमच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर असतात, आणि जुन्या गाडीची वायर त्यांनी दोनदा खाल्ली होती. तेव्हा मी दोन्ही वेळा स्वतःच्या खिशातून पैसे भरले, कारण क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. सहा वर्षं मी तो बोनस एखाद्या व्रतासारखा सांभाळला होता. फाटकाच्या खांबाला बायकोने घासलेलं दारसुद्धा मी रोखीत दुरुस्त केलं होतं. त्यामुळे तो 50 टक्क्यांवर पोचला होता. गाडी विकताना मला वाटलं, बोनसही गाडीबरोबर गेला. काका ओरडलेच. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पुण्यासारखा तो देह सोडून आत्म्याबरोबर येतो. जुन्या कंपनीकडून पत्र आणलं की नव्या गाडीला लागतो. मी दुसऱ्या दिवशी धावत जाऊन पत्र आणलं. फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर तो लागतो, थर्ड पार्टीवर नाही, हे कळल्यावर जरा खट्टू झालो, पण तक्त्यातले आकडे बघून बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तर उंदीर. आईच्या समाधानासाठी मी चारही कंपन्यांना विचारलं. पहिली म्हणाली, हो सर, कव्हर्ड आहे. दुसरी म्हणाली, सर्व्हेअर ठरवेल. तिसरीने मला होल्डवर ठेवलं आणि सनई ऐकवली. चौथीने विचारलं, “सर, उंदीर म्हणजे रॅट का?”

मी पुन्हा वर गेलो. काकांनी पुस्तक उघडलं नाही, त्यांना पाठ होतं. “बाह्य कारणाने झालेला अपघात. आता उंदीर बाह्य आहे का?”

“अर्थात. तो बाहेरून येतो.”

“येतो बाहेरून. पण कुरतडतो आतून. मी कंपनीच्या बाजूने असेन तर म्हणेन, कुरतडताना तो गाडीचा अंतर्भाग होता.”

“आणि तुम्ही माझ्या बाजूने असाल तर?”

काकांनी विचार केला. “तर म्हणेन, तो पाहुणा होता.”

शेवटी मी जी पॉलिसी घेतली ती ना सगळ्यात स्वस्त, ना सगळ्यात महाग. आयडीव्ही पूर्ण, बॅटरी पॅक शब्दाने लिहिलेला, चार्जर धरलेला, आणि इंजिन प्रोटेक्ट नाही. 54 हजार आणि काही शे. सर्वपित्री संपल्यावर, घटस्थापनेच्या दिवशी पैसे भरले. शोरूमच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली, पण आधीइतकी गोड नाही.

दसऱ्याला गाडी आली. हिरवी नंबर प्लेट, झेंडूचा हार, आपट्याची पानं. चाकाखाली लिंबू ठेवायचं की नाही यावर मेहुणे आणि मुलगी यांच्यात फोनवर वाद झाला. मेहुणे जिंकले. काका पूजेला आले, पण अक्षता टाकायच्या आधी त्यांनी मोबाईल काढून चारही बाजूंनी, छताचा, आणि खाली वाकून बुडाचा फोटो घेतला. “पूर्वस्थिती,” ते म्हणाले. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि बोटाला लागलेलं कुंकू चार्जरच्या डब्यालाही लावलं.

रात्री साडेदहाला मी चार्जिंग लावायला खाली गेलो. दिवा हिरवा झाला, केबल गुंडाळीतून सैल झाली. आणि भिंतीवर, चार्जरच्या डब्यावर, आईच्या कुंकवाच्या बोटाशेजारी तो बसला होता. चांगला लठ्ठ. मला बघून हलला नाही. गणपतीचं वाहन माझ्या वाहनाकडे बघत होतं. विशेषतः चाकामागच्या त्या फटीकडे, जिथून आत जाता येतं.

मी खिशातून मोबाईल काढला आणि त्याचा फोटो घेतला. बाहेर असताना.