वादाआधी तारीख विचारावी

पोहायचे वर्ग असतात, मोदकाचे वर्ग असतात, हल्ली तर शांत बसण्याचेही वर्ग निघाले आहेत. पण विरुद्ध मताच्या अनोळखी माणसाशी राजकारण कसे बोलावे, हे शिकवणारा वर्ग कुठे ऐकिवात नाही. ही उणीव भरून काढायची तर सराव खारेपाटणला करावा. इथे महामार्गावर रत्नागिरी जिल्हा संपतो आणि सिंधुदुर्ग सुरू होतो. मुंबईहून निघालेला चाकरमानी इथे पोहोचेपर्यंत जागरणाने आणि कंबरदुखीने वादाला पुरता तयार झालेला असतो. शिवाय विरोधक मिळण्याची खात्री आकडेच देतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये नारायण राणे विनायक राऊत यांच्यापेक्षा सुमारे 48 हजार मतांनी पुढे राहिले. दोघांची मते मिळून साडेआठ लाखांच्या आसपास भरतात. म्हणजे त्या निवडणुकीतले कोणतेही दोन मतदार एसटीच्या एका बाकावर बसवले, तर ते एकाच बाजूचे निघण्याची शक्यता जवळपास निम्मीच. खारेपाटण ज्या कणकवली विधानसभा मतदारसंघात येते, तिथे 2009 साली निकाल 34 मतांनी लागला होता. चौतीस मते म्हणजे एसटीची एक गाडी, तीही अर्धवट भरलेली. तेव्हा शेजारच्या सीटवरचा माणूस आपल्याच मताचा असेल असे गृहीत धरून बोलायला सुरुवात करणे, हा नवशिक्याचा पहिला गुन्हा.

दुसरा गुन्हा जास्त गंभीर आहे, आणि तो मुरलेले लोकही करतात. तो म्हणजे समोरच्याचा पक्ष ओळखून त्या पक्षाविरुद्धची आपली सगळी पाठांतरे त्याच्यावर ओतणे. खारेपाटणात हे करण्याआधी तारीख विचारावी. घड्याळाकडे पाहून नव्हे, कालनिर्णयाकडे पाहून. कारण या भागात पक्ष हा माणसाचा रक्तगट नसून हवामान आहे, आणि याला इथल्याच मातीतला भक्कम पुरावा आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराजाचा शके 930, म्हणजे इसवी सन 1008 चा ताम्रपट खारेपाटणला सापडला. त्यात आधी राष्ट्रकूटांची वंशावळ आदराने दिली आहे, कारण रट्टराजाचे पूर्वज त्यांचे मांडलिक. मग चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांना कसे उखडले ते येते, आणि त्यापाठोपाठ गादीवर असलेल्या चालुक्य सत्याश्रयाचा जयजयकार. जुन्या साहेबांचे ऋण आणि नव्या साहेबांचे स्वागत, दोन्ही एकाच पत्र्यावर. पुढे दोनच वर्षांनी, शके 932 मध्ये याच राजाने दिलेल्या दुसऱ्या ताम्रपटात कुठल्याच सम्राटाचे नाव नाही. अभ्यासक म्हणतात, तोवर तो स्वतंत्र झाला असावा. आजच्या भाषेत, त्याने स्वतःचा पक्ष काढला. खारेपाटणचा हा ताम्रपट वाचून छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ते जवळच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे आणि मराठी वृत्तपत्राचे जनक. आपल्या पहिल्या संपादकाने कोकणातल्या पक्षबदलाची बातमी दिली, एवढेच की ती आठशे वर्षे उशिरा दिली.

त्यानंतर फार काही बदललेले नाही, फक्त तांब्याऐवजी फ्लेक्स आले. नारायण राणे शिवसेनेचे मुख्यमंत्री होते (1999), 2005 मध्ये काँग्रेसचे झाले, 2017 मध्ये महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाचे, आणि 2019 मध्ये तो पक्षच भाजपमध्ये विलीन झाला. दीपक केसरकर सावंतवाडीतून राष्ट्रवादीतर्फे निवडून आले, मग शिवसेनेतर्फे, आणि शिवसेना फुटल्यावर शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे. 2019 साली भाजप आणि शिवसेना यांची राज्यभर युती होती, पण कणकवलीत दोघांचे उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे होते. म्हणजे खारेपाटणच्या मतदाराला युतीचा निष्ठावंत म्हणून युतीविरुद्धच मत द्यायची सोय होती. 2024 मध्ये नारायण राणे यांच्या मुलांपैकी एक कणकवलीतून भाजपतर्फे आणि दुसरे कुडाळातून शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे निवडून आले. यात कुणाला दोष द्यायचा हेतू नाही, मार्गदर्शनपर लेखनात तो शोभतही नाही. मुद्दा व्यवहाराचा आहे. समोरच्या काकांना ‘तुमच्या पक्षाने काय केले’ असे विचारताना ‘तुमचा’ म्हणजे कुठल्या सालचा, हे आधी ठरवून घ्यावे. नाही तर काका शांतपणे म्हणतील, ‘तेव्हा आमी खंय होतो त्या पक्षात?’ आणि ते खरेही असेल.

निदान मुद्दे तरी जागेवर राहतात, अशी कुणाची समजूत असेल तर त्याने रिफायनरीचा विषय काढावा. खारेपाटणवरून उत्तरेला निघाले की राजापूर तालुका लागतो. तिथल्या नाणार परिसरातल्या प्रकल्पाला शिवसेनेने कडाडून विरोध केला, आणि मार्च 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे त्याच पक्षाचे मुख्यमंत्री असताना जानेवारी 2022 मध्ये बारसूच्या जागेचा पर्याय केंद्राला पत्राने कळवला गेला. 2023 मध्ये बारसूत माती परीक्षण सुरू झाले तेव्हा पक्ष फुटून त्याच मुख्यमंत्र्यांचा गट सत्तेबाहेर होता आणि आंदोलकांच्या बाजूला उभा होता. असे वळण फक्त एकाच पक्षाने घेतले, असे मानून खूश होऊ नये. नाणारच्या वेळी विरोध करून नंतर समर्थन करणारे नेते पलीकडच्या बाकावरही सापडतात. तेव्हा ‘तो अमक्या पक्षाचा, म्हणजे रिफायनरीबद्दल त्याचे मत तमके’ हे गणित तारखेशिवाय सुटत नाही. आणि तारीख घालून सुटले तरी त्याचे उत्तर पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते.

मग बोलायचे काय? इथे एक प्रयोग उपयोगी पडतो. अमेरिकेत फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एखाद्या धोरणाबद्दलचे ठाम मत विचारले. मग काहींना म्हटले, हे धोरण प्रत्यक्षात कसे चालेल ते पायरीपायरीने सांगा. काहींना म्हटले, तुमच्या मताची कारणे सांगा. कारणे सांगणारे जागचे हलले नाहीत. ‘कसे’ सांगायला बसलेल्यांना मात्र आपल्याला वाटत होते तेवढे समजत नाही हे उमगले, आणि त्यांची मते थोडी मवाळ झाली. याचे मालवणी रूपांतर सोपे आहे. ‘का?’ विचारू नये, ‘तां कसा होतला?’ असे विचारावे. रिफायनरीने रोजगार येईल म्हणणाऱ्याला विचारावे, पाणी कुठल्या नदीतून घेणार, नोकरीला कुठले शिक्षण लागेल, गावातल्या किती जणांकडे ते आहे? आंबा आणि मासळी संपेल म्हणणाऱ्यालाही तोच प्रश्न: धूर कुठल्या वाऱ्याने कुठे जाईल, सांडपाणी कुठल्या खाडीत मिळेल? दोघेही थोडा वेळ खिडकीबाहेर पाहतील. मात्र एक धोक्याची सूचना. हा प्रश्न बूमरँगसारखा परत येतो. समोरच्याने शांतपणे ‘आणि तुमचा कसा होतला?’ असे विचारल्यावर ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याने आल्याच्या चहाची ऑर्डर द्यावी.

यावर पहिला आक्षेप असा की पक्षाचे नाव ही सोय आहे. प्रत्येकाने प्रत्येक धोरणाचा ‘कसा’ शोधायचा तर भात कधी लावायचे? हा आक्षेप रास्त आहे. पक्षाचे चिन्ह म्हणजे बाजारातल्या डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी वाचून डबा घ्यावा, प्रत्येक वेळी झाकण उघडत बसू नये. पण ही सोय चिठ्ठी जागेवर राहील तोपर्यंतच. इथला जुना राजापूर लोकसभा मतदारसंघ 1957 ते 1991 समाजवाद्यांकडे होता, आधी बॅरिस्टर नाथ पै आणि 1971 पासून मधु दंडवते. त्यात दंडवत्यांच्या चिठ्ठ्याही बदलल्या: प्रजा समाजवादी, जनता पक्ष, जनता दल. पण डब्यात काय आहे हे लोकांना ठाऊक होते. कोकणात रेल्वे आणायची म्हणणारा हा माणूस कुठल्याही नावाखाली रेल्वेच मागणार, याबद्दल विरोधकालाही शंका नव्हती. त्यामुळे वाद रेल्वेवर व्हायचा. आज चिठ्ठी मोठी आणि रंगीत झाली आहे आणि आतला जिन्नस दर पाच वर्षांनी बदलतो. अशा वेळी झाकण उघडून पाहणे हा छंद राहत नाही, ती गरज होते.

दुसरा आक्षेप असा की बोलून कुणाचे मत बदलत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? तसे नाही. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी 2016 मध्ये मायामीतल्या घरोघरच्या भेटींचा अभ्यास छापला. स्वयंसेवक दारात उभे राहून साधारण दहा मिनिटे बोलले. त्यांनी भांडण केले नाही. समोरच्याला त्याचे स्वतःचे अनुभव सांगायला लावले आणि ते ऐकून घेतले. तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह त्याने कमी झाला आणि परिणाम तीन महिने टिकला. खारेपाटणात ही दहा मिनिटे आयतीच मिळतात, कारण इथे अनोळखी माणूस दहा मिनिटांपेक्षा जास्त अनोळखी राहतच नाही. ‘तुमचो गाव खंयचो?’पासून सुरू होऊन वाडी, आडनाव, कुणाच्या मामेबहिणीचे सासर असे शोधत गाडी नात्यापर्यंत पोहोचते. नाते निघाले की त्याला देशद्रोही म्हणता येत नाही, कारण चतुर्थीला त्याच्याच घरी भजनाला जायचे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: काही मते ऐकून घेण्याच्या लायकीचीच नसतात. समोरचा दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसांना माणूसच मानत नसेल, तर ‘तां कसा होतला?’ विचारत बसणे हा सभ्यपणा नव्हे, भित्रेपणा आहे. मान्य. तिथे मार्गदर्शन संपते. स्पष्ट ‘नाय’ म्हणावे आणि जागा बदलावी. पण सावध राहावे, कारण जागा बदलायची सवय लागली की माणूस महागाईवरच्या मतभेदासाठीही उठून जाऊ लागतो.

वादाची पद्धत मात्र बाहेरून आणायची गरज नाही. जिल्ह्यात भजनाची डबलबारी आहे. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, आळीपाळीने बारी. समोरचा बुवा गजर रंगवत असताना आपण मध्ये पेटी वाजवायची नसते. आपली पाळी येईपर्यंत त्याचा गजर नीट ऐकावाच लागतो, कारण उत्तर त्यालाच द्यायचे असते. टीव्हीवरच्या चर्चेत आठ बुवा एकाच वेळी पेटी वाजवतात आणि सूत्रसंचालक टाळ घेऊन उभा असतो. तो प्रकार घरी करून पाहू नये.

सरावासाठी विषय हवा असेल तर खारेपाटणची बाजारपेठ घ्यावी. पावसाळ्यात शुकनदी चढते आणि दुकानांत पाणी शिरते. भिंतीवरच्या ओलीच्या रेषेला कुठल्याही पक्षाचा रंग नसतो, ती चिखलाचीच असते. गाळ कुणी काढायचा, बांध कुठे घालायचा, वरच्या अंगाला काय तोडले, या प्रत्येक प्रश्नाला ‘कसा’ आहे. आणि पाणी उंबऱ्याला लागले की तांदळाची पोती माळ्यावर चढवायला दोन हात कमी पडतात. त्या वेळी खालून पोते देणाऱ्याला त्याचा पक्ष विचारायचाच असेल, तर पोते नीट हातात आल्यावर विचारावा.