अ‍ॅडमिन चावीच्या दानशूर दात्यास

रत्नागिरी

परमादरणीय साहेब,


कुबरनेटिस क्लस्टरची अ‍ॅडमिन कुबकॉन्फिग, म्हणजे सगळ्या कुलपांची चावी असलेली फाइल, आपण टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत, त्याबद्दल जन्माचे ऋणी आहोत. कुणाला किती अधिकार द्यावेत, हा क्षुद्र विचार आपल्या उदार मनाला शिवलाच नाही.

क्लस्टरशी बोलायचे मार्ग पुष्कळ. टर्मिनलवरून कुबसीटीएल, ब्राउझरमधला डॅशबोर्ड, पायथन किंवा गोची लायब्ररी, नाहीतर थेट कर्ल. सगळे शेवटी एपीआय सर्व्हरच्याच दारात येतात. आलेला कोण आणि त्याला मुभा कशाची, हे तिथे तपासलं जातं. आपल्या कृपेने आता येणारा प्रत्येक जण अ‍ॅडमिन! ऑडिट लॉगमध्येही एकच नाव. दोषी शोधायची कटकटच मिटवलीत.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी कुणीतरी टेस्टचं क्लस्टर समजून हापूसच्या ऑर्डरींची अख्खी नेमस्पेस, म्हणजे क्लस्टरमधला त्यांचा कप्पाच, उडवली. कुबसीटीएलचं डिलीट आपणहून ‘नक्की ना?’ विचारत नाही, आणि नेमस्पेसबरोबर तिच्यातले पॉड, सर्व्हिस, सीक्रेट सगळं जातं. बागायतदारांच्या पेट्या भरलेल्या, टेम्पो दारात, आणि कुठली पेटी कुणाची ती यादी उघडेना. त्या दिवशी आपण फोन उचलला नाहीत. आम्ही स्वावलंबी व्हावं, हीच तळमळ असणार.

डॅशबोर्डही बिनपासवर्डचा इंटरनेटवर ठेवलात. 2018 साली टेस्लाचा कन्सोल असाच उघडा सापडला होता. चोरांनी आत शिरून टेस्लाच्याच खर्चाने क्रिप्टो खणलं. केवढ्या थोरांच्या पंगतीला बसवलंत आम्हाला!

आता कोकणच्या रिवाजाने गाऱ्हाणं घालतो, महाराजा. आरबॅक, म्हणजे भूमिकेनुसार अधिकार वाटायची सोय, 2017 पासून स्थिर आहे. प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या, त्याच्या नेमस्पेसपुरताच रोल द्या. हे मी हात जोडून, मनापासून मागतो आहे. त्या आंब्यांवर माणसांचं वर्षभराचं पोट आहे.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट केलात, हे पाहिलं. पण त्या फाइलीतलं क्लायंट सर्टिफिकेट रद्द करायची सोय कुबरनेटिसमध्ये नाही. मुदत संपेपर्यंत ते चालतं, नाहीतर मूळ सीए, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणाच, बदलावी लागते. ती बदलायला आम्ही रविवारी रात्री बसतो आहोत. या वेळी फोन उचला.

आपला आज्ञाधारक,
ऑन-कॉल इंजिनिअर