आधी ट्रे मोजा

घरगुती प्रिंटरच्या खोक्यावर मिनिटाला किती पानं निघतात ते छापलेलं असतं. वाय-फाय आहे का, मोबाइलवरून छापता येतं का, एका बाटली शाईत किती हजार पानं होतात, हेही असतं. कागद कमीत कमी किती अरुंद चालेल, हे मात्र नसतं. तो आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर, तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत दडवलेला असतो. ज्याला घरी चेक छापायचा आहे त्याची सगळी खरेदी मात्र त्याच आकड्यावर ठरते.

आपला चेक साधारण 202 मिलिमीटर लांब आणि 92 मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे लक्षात ठेवायचा आकडा 92. फोटोचा 4 × 6 इंची कागद जवळपास 102 मिलिमीटर रुंद, तेव्हा ‘फोटो निघतो, मग चेकही निघेल’ हे दुकानदाराचं म्हणणं ग्राह्य धरू नका. ए-6 कागदाची रुंदी 105. ज्या प्रिंटरची मजल ए-6 पाशी संपते तो चेक सरळ ओढणार नाही, तिरका ओढेल. तिरका छापलेला चेक वाया जातो, कारण सीटीएसच्या, म्हणजे चेकची प्रतिमा पाठवून तो वटवण्याच्या पद्धतीच्या, नियमांत चेकवर खाडाखोड चालत नाही. तारखेला मुदतवाढ देण्यापुरती सूट आहे, बाकी नाव चुकलं, रक्कम सरकली, तर शेजारी सही करून भागवण्याचे दिवस गेले.

‘यूपीआयच्या जमान्यात चेक कोण लिहितं?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा आपल्या सोसायटीच्या खजिनदाराच्या टेबलापाशी बसावं. लिफ्टवाल्याचं वार्षिक कंत्राट, वॉचमन एजन्सी, टँकर, प्लंबर, सगळं चेकने. खात्याला दोन सह्या लागतात, आणि दोन सह्यांच्या खात्याला यूपीआय सहसा मिळत नाही. भाड्याच्या घराची अनामत, ट्रस्टची देणगी, मुदत ठेवीचे पैसे, वकिलाची फी हेही पुष्कळ ठिकाणी अजून चेकनेच जातं. आणि सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांना मोबाइलवरून मोठी रक्कम पाठवायची भीती वाटते. ती भीती अनाठायी नाही, फसवणुकीच्या बातम्या रोज येतात.

पण या माणसांपैकी अनेक जण एक त्याहून धोक्याची गोष्ट निर्धास्तपणे करतात. आमच्या इमारतीतल्या एक काकू निवृत्त शिक्षिका आहेत. पार्किन्सन्समुळे हात थरथरतो. सही अजून जमते, सवयीने उमटते. पण तारखेच्या आठ चौकटींत आठ आकडे आणि त्याखाली दीड ओळ अक्षरी रक्कम लिहिणं त्यांच्या हाताबाहेर गेलंय. मग त्या काय करतात? कोऱ्या चेकवर सही करतात आणि समोर येईल त्याच्या हातात देतात. कधी गुंतवणुकीचा एजंट, कधी कर भरून देणारा, कधी खालच्या दुकानातला मुलगा. विचारलं तर म्हणतात, ‘‘अरे, तो घरचाच आहे.’’

घरचा असेलही, पण कायद्याला ते ठाऊक नाही. परक्राम्य संलेख अधिनियम 1881 चं कलम 20 म्हणतं, की सही करून अर्धवट संलेख, म्हणजे चेकसारखा दस्त, दुसऱ्याच्या हाती दिला की तो पूर्ण करण्याचा अधिकारही प्रथमदर्शनी दिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की स्वखुशीने दिलेला सही केलेला कोरा चेकसुद्धा देणं फेडण्यासाठीच दिला, असं गृहीत धरलं जाईल. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं सही करणाऱ्यावर. आणि चेक वटला नाही तर कलम 138 आहेच : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं ज्या बाईला हात थरथरतो म्हणून सोसावं लागू शकतं, तिच्या घरात एक साधा प्रिंटर असता तर वेळच आली नसती. आधी सगळं छापून झालेलं, मग शेवटी सही. क्रम एवढा बदलतो, आणि तेवढ्यासाठी प्रिंटर घ्यायला माझी हरकत नाही. उलट मी घ्याच म्हणतो.

छापलेला चेक चालतो का? चालतो. कंपन्या वर्षानुवर्षं छापलेलेच चेक देतात. कायद्यातल्या ‘लिहिणे’ या शब्दात छापणंही धरलं जातं. काउंटरवर कुणी ‘हाताने लिहून आणा’ म्हणाला तर त्याला नम्रपणे विचारा, कोणत्या नियमाखाली? सही मात्र हातानेच. सहीचं चित्र स्कॅन करून छापायचं डोक्यातही आणू नका.

इथे अमेरिकेतल्या मुलांचा सल्ला आडवा येतो. न्यू जर्सीतून लेक फोनवर सांगते, ‘‘बाबा, इथे कोरा कागद मिळतो, आम्ही अख्खा चेक घरी छापतो.’’ खरं आहे. तिकडे कोरा चेक-कागद बाजारात मिळतो, पूर्ण पानावर तीन चेक बसतात, आणि बँकेचा क्रमांक, खातं, चेक नंबर असलेली खालची ओळसुद्धा चुंबकीय टोनर घालून घरी छापणारे लोक आहेत. पान पूर्ण आकाराचं असल्यामुळे कुठलाही प्रिंटर ते ओढतो. त्यांची चिंता शाईची, आपली ट्रेची. आपल्याकडे चेकचा कागद बँकच देते : त्यात ‘सीटीएस इंडिया’ हे जलचिन्ह, झेरॉक्स काढली की उमटणारी अक्षरं आणि अतिनील प्रकाशात दिसणारी बँकेची खूण असते. हे घरी बनवता येत नाही, बनवायचंही नाही. आपण फक्त बँकेने दिलेल्या पानावर मजकूर भरायचा. तेव्हा लेकीने तिकडच्या दुकानातून चुंबकीय टोनर आणला तर तो इथे निरुपयोगी आहे. आपल्या पानावर ती ओळ आधीच छापलेली असते.

आता खरेदी. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातून 202 × 92 च्या पट्ट्या कापून घ्या, जाडसर कागदाच्या, आणि खिशात घालून दुकानात जा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं एकमेव कॉम्प्युटरचं दुकान, प्रिंटर चालू करून द्यायला सांगा. पट्टी उभी घाला, म्हणजे 92 ची बाजू पुढे. आडवी घालायच्या फंदात पडू नका, कारण मग कागदाची लांबी फक्त 92 उरते आणि बहुतेक प्रिंटरांत एका रोलरने सोडलेला इतका आखूड कागद पुढच्या रोलरपर्यंत पोचतच नाही. ट्रेच्या दोन्ही बाजूंचे सरकते पट्टे कागदाला टेकतात का ते बोटाने पाहा. ते टेकले नाहीत तर दुकानदार काहीही म्हणो, बाहेर पडा. टेकले तर पट्टीमागून पट्टी सोडा. एखादी जरी तिरकी गेली तरी तो प्रिंटर चेकच्या कामाचा नाही.

मागून कागद घेणारा प्रिंटर पुढून घेणाऱ्यापेक्षा बरा. पुढच्या ट्रेतला कागद आत जाऊन पूर्ण उलटा वळून बाहेर येतो, चेकच्या पानाला त्या वळणात चुण्या पडतात.

काही दुकानदार एक युक्ती सुचवतात : चेक ए-4 कागदावर चिकटपट्टीने लावा आणि तो कागद घाला. लेझर प्रिंटरमध्ये हे करू नका. आतला रोलर तापलेला असतो, डिंक वितळून त्याला बसतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च चेकबुकांच्या पैशात मोजावा लागतो.

लेझर की इंक? दोन्ही चालतात, अट वेगवेगळी. इंक टँकवाल्या प्रिंटरात काळी शाई पिगमेंटची हवी. डाय प्रकारची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते, आणि जी पाण्याने पसरते ती रसायनाने धुऊन काढणं चोराला सोपं. विकणाऱ्याला ‘काळी पिगमेंट आहे का?’ एवढंच विचारा, आणि उत्तर बाटलीवर वाचून घ्या. लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही, पण तो कागदात मुरत नाही, वर वितळून बसतो. उष्णता कमी पडली तर नखाने खरवडून निघतो. म्हणून सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार ‘जाड’ निवडा, म्हणजे टोनर नीट पक्का होतो. ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स या कामाला सगळ्यांत पक्का, व्यापाऱ्यांच्या पेढीवर तो अजून टिकलाय ते उगीच नाही. पण घरात त्याचा आवाज आणि किंमत दोन्ही जास्त.

शाई वाचवणारा ‘ड्राफ्ट’ मोड बंद ठेवा. 2008 मध्ये दिल्लीपासून सुरू झालेल्या सीटीएसमध्ये कागदी चेक जिथे भरला त्या बँकेतच थांबतो, पुढे जाते ती त्याची प्रतिमा. फिकट छपाई त्या प्रतिमेत पुसट होते आणि चेक परत येतो. गडद काळा, साधा ठळक टाइप, बस्स.

घरी आल्यावर पहिला दिवस मापाचा. चेकची झेरॉक्स काढा, फूटपट्टीने मोजा : तारखेची पहिली चौकट डाव्या कडेपासून किती, वरून किती; नावाची रेघ, अक्षरी रकमेच्या दोन रेघा, अंकी रकमेचा चौकोन. हे आकडे एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये बसवा. कोऱ्या पट्टीवर छापा, ती चेकवर ठेवून खिडकीशी उजेडात धरा. आकडे चौकटींच्या मध्यावर पडले पाहिजेत. नाही पडले तर बहुतेक वेळा दोषी असतो ‘फिट टू पेज’ हा पर्याय. तो गुपचूप सगळा मजकूर थोडा आकसून टाकतो, आणि तारखेच्या शेवटच्या चौकटीपर्यंत जाता जाता आकडा रेघेवर चढतो. छपाई 100 टक्क्यांवर ठेवा. चेकबुकातून फाडलेल्या पानाची डावी कड दातेरी असते, तेव्हा उजवी, सहीकडची स्वच्छ कड आधी आत घाला. खालच्या पांढऱ्या पट्टीत, चुंबकीय आकड्यांच्या ओळीत, शाईचा ठिपकाही पडता कामा नये. डाव्या कोपऱ्यातल्या दोन तिरक्या रेघा आणि ‘ए/सी पेयी’ हेही साच्यातच बसवून टाका, म्हणजे विसरायला वाव राहत नाही.

चेक छापून देणारी ॲप आणि संकेतस्थळं ढिगाने आहेत. त्यांच्यासाठी माझी एकच कसोटी आहे. बचत खात्याच्या चेकवर खाते क्रमांक आधीच छापलेला असतो, सही आपण हाताने करतो. मग जे ॲप खाते क्रमांक किंवा सहीचा फोटो मागतं, त्याला तो कशाला हवा? तिथेच बंद करा. आपलं एक्सेल पुरतं.

आणि मराठीत छापा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार ग्राहक चेक इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहू शकतो. तयार सॉफ्टवेअर बहुधा अक्षरी रक्कम इंग्रजीतच काढतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की चेक इंग्रजीतच लागतो. मराठीत 1 ते 99 पर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे. ती नावं एका कॉलममध्ये एकदा भरून ठेवा, मग 47,569 टाकलं की ‘सत्तेचाळीस हजार पाचशे एकोणसत्तर रुपये फक्त’ आपोआप येतं. काकूंना सही करण्याआधी स्वतःच्या भाषेत रक्कम वाचता येते, यात सुरक्षितता आहे. जे वाचता येत नाही त्यावर सही करायला लावणं हीच निम्म्या फसवणुकींची सुरुवात असते.

पन्नास हजार आणि वरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे ही सोय 1 जानेवारी 2021 पासून आहे. चेक नंबर, तारीख, नाव, रक्कम आधीच बँकेला कळवायची. ती वापरा. छापलेला चेक असो की लिहिलेला, पानावरचा तपशील कुणी बदलला तर तो तिथे पकडला जातो. ज्यांना सहीही जमत नाही अशा वृद्ध आणि आजारी खातेदारांसाठी अंगठ्याच्या ठशाचा नियम आहे : दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत हा नियम कुणी आपणहून सांगत नाही. मागावा लागतो.

बँकांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती अवघड नाही. कंपन्यांना तुम्ही प्रिंटरमध्ये थेट जाईल अशा पूर्ण पानावरचे चेक देता. टोचलेल्या रेघेवर फाडला की चेक वेगळा. तेच पान साठ वर्षांवरच्या बचत खातेदाराला, त्याने मागितलं तर, द्या. मग त्याला 92 चा ट्रे शोधत दुकानं पालथी घालावी लागणार नाहीत, नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला प्रिंटरच पुरेल. आणि प्रिंटर कंपन्यांनी कमीत कमी कागदाचं माप खोक्यावर, पानांच्या वेगाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं. तोपर्यंत पट्ट्या खिशात ठेवा आणि दुकानदाराने ‘सगळे चेक चालतात हो’ म्हटलं तरी प्रिंटर चालू करायला लावा.